जागेचा हक्क आणि दर्शनाचा योग : सहप्रवासाच्या आचाराचा एक धांडोळा

दळणवळणाचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक प्रायः रस्ते, पूल, लोहमार्ग आणि त्यांचे व्यापारावर झालेले परिणाम यांचा विचार करतात. त्या वाहनांतून जाणारी माणसे परस्परांशी कशी वागत, कोणत्या गोष्टीवरून त्यांच्यात खटके उडत आणि ते मिटविण्याचा अधिकार कोणाकडे असे, हा प्रश्न मात्र बहुधा ललित लेखकांवर सोपविला जातो. वस्तुतः हा प्रश्न सामाजिक इतिहासाचा आहे. परस्परांशी नाते नसलेली माणसे काही दिवस एका छपराखाली आली, की समाजातील हक्काच्या आणि मर्यादेच्या कल्पना तेथे उघड्या पडतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सहप्रवासाच्या आचाराचे तीन टप्पे पाहून, गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात येणाऱ्या सहलींमध्ये त्या आचाराची कसोटी कशी लागते, हे दाखविण्याचा हेतू आहे.

पहिला टप्पा दिंडीचा होय. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. शिंद्यांच्या दरबारी राहिलेल्या या गृहस्थांनी सोहळ्याला जवळजवळ लष्करी घडी घातली. कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे, तिचा क्रमांक कोणता, हे ठरलेले असते. दिंडीत चालणारा भोजनखर्चासाठी भिशी भरतो. परंतु त्या भिशीने त्याला पुढचे स्थान विकत मिळत नाही. स्थान दिंडीचे असते, व्यक्तीचे नसते.

या व्यवस्थेत गाऱ्हाण्यालाही नेमलेली जागा आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदाराने चोप उंचावला की टाळमृदंग थांबतात आणि हजारोंचा समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो आणि निवाडा होतो; हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणाही त्याच वेळी होते. तक्रार करण्याची रीत, तिची वेळ आणि ती ऐकणारा अधिकारी या तीनही गोष्टी येथे निश्चित आहेत. दिवसभराचा त्रागा सायंकाळपर्यंत आवरून धरण्याचे बळ माणसाला येते, ते सायंकाळी आपले ऐकले जाईल या खात्रीमुळे.

तथापि या व्यवस्थेकडे केवळ गौरवाने पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर स्वतः चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे भोजनाच्या वेळी निरनिराळ्या पंक्तींना बसत, ही त्यांना बोचलेली गोष्ट त्यांनी त्यात नोंदविली आहे. दिंडीतील शांतता काही अंशी भक्तीची होती, तशीच काही अंशी प्रत्येकाची पायरी आधीच ठरलेली असल्याचीही होती. ज्या समाजात जागा जन्माने ठरते, तेथे जागेवरून भांडण कमी होते. पण ते न्यायाचे लक्षण नव्हे.

दुसरा टप्पा तिकिटाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली आणि सहप्रवासाच्या कल्पनेत एक मूलगामी बदल झाला. तिकीट जात विचारीत नाही. ते फक्त वर्ग विचारते. ज्याने भाडे भरले त्याला त्या वर्गात बसण्याचा हक्क मिळाला आणि शेजारी कोण बसावे हे ठरविण्याचा त्याचा हक्क गेला. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती उतारू बसावेत हे ठरवून तो आकडा डब्यावर लावण्याचे बंधन रेल्वे कंपन्यांवर घातले. जागेचा हक्क कायद्यात आला तो असा. परंतु हक्क लिहिला जाणे आणि तो मिळणे यांत अंतर होते. सप्टेंबर १९१७ मध्ये मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेलेल्या गांधीजींनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. डब्यावर २२ उतारूंचा आकडा होता; प्रवासात ही संख्या वेळोवेळी ३५ च्या वर गेली. गांधीजींनी रेल्वेच्या अनास्थेवर कठोर टीका केली, तशीच डब्यात थुंकणाऱ्या आणि घाण करणाऱ्या सहप्रवाशांच्या सवयींवरही केली. तिकिटाने समता आणली, पण त्या समतेला साजेसा आचार आपोआप आणला नाही, हे त्यांच्या लेखनावरून स्पष्ट होते. दिंडीत चोपदार होता. डब्यात तिकीट तपासनीस होता. पण त्याचे लक्ष भाड्याकडे, उतारूंच्या परस्पर वर्तनाकडे नव्हे.

हीच पोकळी पुढे एस. टी.च्या गाडीत प्रवाशांनी आपल्या परीने भरून काढली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली. विदर्भातील सरकारी मोटारसेवा १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली. एस. टी.ने खेड्यातील माणसाला तालुक्याशी जोडले, हे सर्वश्रुत आहे. तिने एक अलिखित संहिताही निर्माण केली, तिकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष गेलेले नाही. खिडकीतून रुमाल, टोपी किंवा पिशवी टाकून जागा धरावी आणि ती जागा इतरांनी मानावी, हा या संहितेतील पहिला नियम. कायद्याच्या दृष्टीने त्या रुमालाला काडीची किंमत नाही. तरीही त्यावरून होणारी भांडणे पाहिली, तर ती बहुधा ‘रुमाल आधी कोणाचा’ या मुद्द्यावर होतात. ‘रुमालाने हक्क मिळतो काय’ या मुद्द्यावर क्वचितच. भांडणारे दोघेही नियम मान्य करून भांडतात. मूल मांडीवर घेणे, म्हाताऱ्या माणसाला पाहून सरकून बसणे, तिघांच्या बाकावर चौथ्याला ‘टेकू’ देणे, हे या संहितेचे पुढील नियम होत. वाहकाची घंटा आणि त्याचा ‘पुढे सरका’ हा पुकारा ही तिची दंडशक्ती.

तिसरा टप्पा सहलीचा. १८४१ च्या जुलैमध्ये टॉमस कुक याने इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे प्रत्येकी एक शिलिंग घेऊन नेली, तेव्हापासून प्रवास ही तयार बांधून विकण्याची वस्तू बनली. महाराष्ट्रात एस. टी.च्या ‘प्रासंगिक करारा’ने, म्हणजे संपूर्ण गाडी ठरावीक भाड्याने घेण्याच्या सोयीने, शाळा, मंडळे आणि वऱ्हाडे यांना ही चव दाखविली. पुढे खाजगी सहलसंस्थांनी मध्यमवर्गाला ती लावली. १९८४ मध्ये सुरू झालेली ‘केसरी’ ही त्यांतील सुपरिचित संस्था. येथे प्रवासी केवळ जागेचे भाडे भरीत नाही. निवास, भोजन, स्थलदर्शन आणि आनंद यांचे एकत्रित मूल्य तो आगाऊ देतो. त्यामुळे सहलीतील त्राग्याचे स्वरूपही पालटते. एस. टी.त उभे राहावे लागले तर मनुष्य नशिबाला बोल लावतो. सहलीत शेवटच्या बाकावर बसावे लागले तर तो आपली फसवणूक झाली असे मानतो.

सहलीच्या गाडीतील तक्रारी स्थूलमानाने चार प्रकारच्या असतात : जागेची, वेळेची, आवाजाची आणि अन्नाची. पुढची आसने एकाच कुटुंबाने अडविणे, ठरल्या वेळी दोघेतिघे न आल्याने चाळीस माणसे ताटकळणे, गाण्याच्या भेंड्या काहींना हव्या असता इतरांना झोप हवी असणे, आणि सामिष-निरामिषाचा जुना वाद. पैकी जागेच्या तक्रारीवर सहलसंस्थांनी दररोज आसने बदलण्याची पद्धत शोधली. ही पद्धत साधी दिसते, पण तिच्यात एक तत्त्व आहे. चांगली जागा सर्वांना एकाच वेळी देता येत नसेल तर ती पाळीपाळीने द्यावी. दिंडीचा कायम क्रमांक आणि रेल्वेचे विकत घेतलेले स्थान यांहून ही कल्पना निराळी, आणि माझ्या मते अधिक न्याय्य आहे.

अशी गाडी नागझिऱ्यास येते तेव्हा काय घडते, ते आता पाहू. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. त्याचे मूळ क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही संरक्षित क्षेत्रे मिळून व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. साकोलीकडून पिटेझरीच्या आणि गोंदियाच्या बाजूने चोरखमाऱ्याच्या फाटकातून आत जाता येते. तलावाकाठच्या विश्रामगृहांना वीज नसणे, ही या वनाची जुनी ख्याती. व्यंकटेश माडगूळकर येथे राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. किरण पुरंदरे यांनी चारशे दिवस राहून ‘सखा नागझिरा’ लिहिले. या दोघांनी वनाला भरपूर वेळ दिला. वन काय दाखवील याची अट त्यांनी घातली नव्हती.

सहलीच्या प्रवाशाजवळ मात्र एक सकाळ असते. मोठी गाडी बाहेर राहते आणि चाळीस जणांचा समूह सहा-सहांच्या तुकड्यांनी उघड्या जिप्सींत विभागला जातो. येथे वर सांगितलेल्या चारही तक्रारी एकदम तीव्र होतात. फाटकाची वेळ कोणासाठी थांबत नाही, म्हणून एकाच्या उशिराची किंमत सर्व तुकडीला द्यावी लागते. भेंड्या तर राहोच, मोठ्याने बोलणेही निषिद्ध असते. आणि मुख्य म्हणजे, एका जिप्सीला वाघ दिसतो आणि दुसरीला चितळ, गवे आणि मोर. मग ‘पैसे तर सर्वांनी सारखेच भरले होते’ हे वाक्य उच्चारले जाते. या वाक्यात १८५३ पासूनचा तिकिटाचा इतिहास सामावलेला आहे. सारखे भाडे, सारखा हक्क, हे सूत्र आसनाला लागू पडते. वाघाला ते लागू पडत नाही. तिकिटाने जागा मिळते, दर्शन मिळत नाही. पाळीपाळीने आसने बदलण्याचा तोडगाही येथे निरुपयोगी ठरतो, कारण वाघ पाळी मानीत नाही.

या निराशेचा भार कोणावर पडतो, हा यातील खरा प्रश्न आहे. तो सहलसंस्थेच्या कार्यालयावर पडत नाही. तो पुढच्या आसनावरील वाटाड्यावर आणि चालकावर पडतो. हे बहुधा जवळच्या गावांतील तरुण असतात. बक्षिशी मिळणे न मिळणे प्रवाशांच्या समाधानावर अवलंबून असल्याने ‘आणखी थोडे पुढे घ्या’ या आग्रहाला नकार देणे त्यांना जड जाते. त्यांच्याकडून तो भार शेवटी प्राण्यावर जातो.

म्हणूनच जो आचार एरवी संकोचाने पाळला गेला असता तो येथे कायद्याला लिहून काढावा लागला. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन तात्पुरते थांबविले आणि ऑक्टोबरात मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाल्यावर बंदी उठविली. त्या नियमांनुसार एकाच वाटेवरील दोन वाहनांत ५०० मीटर आणि प्राणी पाहताना थांबलेल्या वाहनांत ५० मीटर अंतर असावे, प्राण्यापासून २० मीटरांच्या आत जाऊ नये, आणि एका वाहनाने १५ मिनिटांहून अधिक काळ वाघाचे दर्शन अडवून धरू नये. यातील शेवटचा नियम विशेष लक्षणीय आहे. कारण तो वाघाइतकाच मागे थांबलेल्या प्रवाशाच्याही रक्षणासाठी आहे. एस. टी.तील ‘पुढे सरका’ हा पुकारा जणू येथे राजपत्रात उतरला.

परंतु नियम लिहिल्याने प्रश्न मिटला नाही. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये ज्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात जाऊन स्थिरावला, तेथेच ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव परिसरात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडविली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि वाटाड्ये यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. ज्यांच्या अधीरतेपायी ती वाहने पुढे सरकली असतील ते प्रवासी मात्र छायाचित्रे घेऊन आपापल्या गावी परतले. कारवाईचा हा क्रमच आपल्या सहप्रवासाच्या आचारातील दोष दाखवितो. प्रवाशाला आपण हक्क दिला आणि त्या हक्काबरोबरचे उत्तरदायित्व सेवकाच्या माथी मारले.

वरील विवेचनावरून असे दिसते, की दिंडीने गाऱ्हाण्याला वाट दिली, पण समता दिली नाही. तिकिटाने समता दिली, पण गाऱ्हाणे ऐकणारा दिला नाही. सहलीने समाधानाचे वचन दिले आणि ते कोणाच्या हाती नाही ही गोष्ट सांगण्याचे टाळले. नागझिऱ्याच्या फाटकावर या तीनही परंपरा एकत्र येतात. दिंडीतील जन्मसिद्ध पायरी परत आणणे इष्ट नाही आणि शक्यही नाही. परंतु फाटकाबाहेर, सर्व तुकड्या परतल्यावर, गाऱ्हाणी ऐकण्याची एक नेमलेली वेळ आणि वाटाड्याच्या नकाराला संपूर्ण समूहापुढे मान देणारा सहलप्रमुख, एवढे तरी दिंडीकडून घेण्याजोगे आहे.

या विषयाची साधने विखुरलेली आहेत. आगारांतील तक्रारपुस्तके, सहलसंस्थांची सूचनापत्रके, वनखात्याची परिपत्रके, न्यायालयीन आदेश आणि वाटाड्यांच्या मुलाखती यांचा संग्रह पद्धतशीरपणे झाल्यास सहप्रवासाचा सलग इतिहास लिहिता येईल. त्यांपैकी वाटाड्यांचे कथन सर्वप्रथम टिपले जावे, असे सुचवावेसे वाटते. कारण प्रवासी आपली तक्रार लिहून ठेवतो, वाटाड्या ती ऐकून घेतो, आणि ऐकून घेणाऱ्याची बाजू आपल्या दप्तरांत सहसा येत नाही.