पियानो उचलायचा कसा? पेटीपासून स्टेज पियानोपर्यंत

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड थोडा जड आहे. विषय अवघड आहे म्हणून नाही, आज आपण वजनाबद्दल बोलणार आहोत म्हणून.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच मेसेज येतो. "दादा, घरी शिकायला आणि गिगला न्यायला एकच पियानो घ्यायचाय, कुठला घेऊ?" आधी मी सरळ मॉडेलची नावं सांगून मोकळा व्हायचो. आता नाही सांगत. कारण मी स्वतः चुकीचा घेतला, आणि तो चुकीचा का होता हे मला या वाद्याचा इतिहास वाचताना कळलं. तेव्हा आधी इतिहास, मग खरेदी.

मुळात पियानो इतका जड का? साधारण १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य बनवलं. पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. हळू दाबलं तर हळू आवाज, जोरात दाबलं तर मोठा. त्याचा पियानो तसा हलकाच होता. पण पुढे सभागृहं मोठी झाली, आवाज मोठा हवा झाला, मग तारा जाड झाल्या, जास्त ताणल्या गेल्या. आजच्या मोठ्या पियानोत २०० च्या वर तारा असतात आणि त्यांचा एकत्र ताण साधारण १८ ते २० टन भरतो. हा ताण लाकूड झेलू शकत नाही, म्हणून आत ओतीव लोखंडाची अख्खी चौकट आली. कॉन्सर्ट ग्रँडचं वजन पाचशे किलोच्या घरात जातं ते यामुळे. म्हणजे पियानो हलका करायचा तर काहीतरी काढून टाकावं लागणार. गेली पावणेदोनशे-दोनशे वर्षं लोक हेच ठरवतायत, की काय काढायचं.

पहिलं उत्तर आपल्या घरात आहे. पेटी!

१८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेनने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तारा नाहीत, हातोड्या नाहीत. धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे आपले सूर, त्यांच्यावरून हवा गेली की वाजतात. हवा पायाने मारायची. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ते वाद्य हिंदुस्थानात आलं. पण आपल्याकडे गाणारा जमिनीवर बसतो, साथीदारही जमिनीवर. खुर्चीवर बसून पाय मारणारा त्या मैफलीत बसणार कसा? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे लावला आणि तो हाताने मारायची सोय केली. पाय गेले, स्टँड गेला, वाद्य मांडीसमोर आलं.

पण किंमत बघा. डावा हात भात्याला गेला. पियानोची अर्धी ताकद डाव्या हातात असते, ती आपण सोडून दिली. पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तोच; आवाजातला चढउतार सगळा भात्यावर. आणि मींड तर नाहीच. याच कारणावरून १९४० पासून सुमारे तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तरी इकडे मराठी संगीत नाटक पेटीशिवाय आणि ऑर्गनशिवाय, म्हणजे पायपेटीशिवाय, उभंच राहत नव्हतं. १९११ च्या 'संगीत मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक. रेडिओ नाही म्हणाला म्हणून पेटी थांबली नाही.

माझे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. डोंबिवली ते दादर लोकलने न्यायचे. रॅकवर कधी ठेवायचे नाहीत, दोन पायांच्या मध्ये धरून बसायचे, आणि कुणी पाय लावला तर त्याला उठवायला कमी करायचे नाहीत. दहा-बारा किलोचं वजन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अमेरिकेत जाऊ. साल १९४२, दुसरं महायुद्ध. हॅरॉल्ड रोड्स नावाचा पियानो शिक्षक सैन्यात दाखल झालाय आणि त्याच्यावर जखमी सैनिकांना पियानो शिकवायची जबाबदारी आहे. पण ज्याला पलंगावरून उठता येत नाही त्याच्यापर्यंत पियानो नेणार कसा? या माणसाने बी-१७ बॉम्बर विमानांच्या पंखांतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या, त्या सुरात कापल्या आणि २९ पट्ट्यांचा एक छोटा पियानो बनवला. पलंगावर मांडीवर ठेवून वाजवता येईल असा. मला ही गोष्ट फार आवडते. पोर्टेबल पियानोचा विचार करताना आपल्याला स्टेज आठवतं, दिवे आठवतात. पण त्याची एक मोठी सुरुवात हॉस्पिटलच्या वॉर्डात झालीय, जिथे ऐकणारा आणि वाजवणारा एकच माणूस होता.

युद्धानंतर रोड्स हीच कल्पना पुढे नेत राहिला. तारेऐवजी स्टीलची बारीक काडी, तिच्यावर हातोडी, आणि बाजूला गिटारला असतो तसा पिकअप. आवाज घंटेसारखा, थोडा धुरकट. १९६८ मध्ये माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला हर्बी हॅन्कॉक पोचला तर स्टुडिओत पियानोच्या जागी हे वाद्य. त्याला ते खेळणं वाटलं. वाजवून बघितल्यावर मत बदललं. त्यानंतरच्या दशकात जॅझ काय, पॉप काय, सगळीकडे रोड्स. आणि तरीही, ७३ पट्ट्यांचं स्टेज मॉडेल साठ किलोच्या आसपास! उचलायला दोन माणसं.

त्याच काळात वुर्लित्झर कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो होता. त्याच्या आत स्टीलच्या रीड होत्या, म्हणजे आपल्या पेटीची चुलत बहीणच, फक्त हवेऐवजी हातोडीने वाजणारी. रे चार्ल्स तो दौऱ्यावर सोबत न्यायचा, कारण गावोगावच्या पियानोंच्या ट्यूनिंगवर त्याचा भरवसा नव्हता. लोक नावं ठेवायचे म्हणे. १९५९ मध्ये 'व्हॉट्ड आय से' आलं आणि नावं ठेवणं बंद झालं.

यामाहाने १९७६ मध्ये उलटा रस्ता घेतला. सीपी-७० मध्ये खऱ्या तारा ठेवल्या आणि पियानोचे दोन तुकडे करून न्यायची सोय केली. वजन शंभर किलोच्या वर. टेम्पो असेल तर पोर्टेबल, एवढंच म्हणता येईल. १९८३ च्या डीएक्स-७ ने मग उलट टोक गाठलं: तारा नाहीत, हातोडी नाही, सगळा आवाज गणिताने बनवलेला, वजन १४ किलो. पण पट्ट्या ६१ आणि हाताला हलक्या, पियानोच्या सवयीच्या माणसाला पोकळ वाटणाऱ्या. त्यानंतर डिजिटल पियानो आले आणि हातोडी परत आली. हो, खरंच परत आली. आजच्या वेटेड पट्टीखाली छोटं वजन हलतं, ते कुठल्याही तारेवर आपटत नाही. पट्टी खाली जाताना दोन किंवा तीन सेन्सर लागतात. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र ठरवतं तुम्ही किती जोरात वाजवलं. क्रिस्तोफोरीची हातोडी आता फक्त तुमच्या बोटाला खोटं वाटू नये म्हणून आहे.

आता माझी गोष्ट. मी पहिला स्टेज पियानो सेकंड-हँड घेतला. २२ किलोचा, केससकट तीसच्या वर. नावाजलेलं मॉडेल, आवाज उत्तम, पट्ट्या उत्तम. आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पुण्याचा एक कार्यक्रम संपवून रात्री दीडला घरी आलो, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कंबरेत चमक भरली आणि तिथेच बसलो. बाबा खाली आले, दोघांनी मिळून तो वर नेला. पुढचे तीन आठवडे झोपून. एक लग्नाचं काम गेलं, पैसे गेले, आणि त्या ग्रुपने नंतर दुसराच माणूस कायमचा घेतला.

त्याहून वाईट गोष्ट सांगू? खऱ्या स्टेज पियानोला बहुतेक वेळा स्वतःचे स्पीकर नसतात. घरी वाजवायचं तर स्पीकर जोडा नाहीतर हेडफोन शोधा. एवढ्या दोन मिनिटांच्या खटाटोपाने माझा रियाज अर्ध्यावर आला. आळशीपणाच, पण खरा.

तो विकला आणि एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. घरगुती पोर्टेबल, स्पीकरवाला, साडेअकरा किलोच्या आसपास. आजोबांच्या पेटीचं वजन! तीन मजले एका दमात. पहिल्याच कार्यक्रमात, सोसायटीच्या हॉलमध्ये, साउंडवाल्या दादांनी विचारलं, "आउटपुट कुठे?" मागे बघतो तर फक्त हेडफोनचं भोक. त्यांनी साधी मोनो केबल लावली. आतले स्पीकर बंद पडले, बाहेर एकाच बाजूचा आवाज, आणि मला स्वतःचं काहीच ऐकू येईना. अंदाजाने वाजवलं. हवी होती स्टीरिओतून दोन मोनो करणारी केबल, साडेतीनशे रुपयांची, आणि एक मॉनिटर.

त्याच संध्याकाळी गाणाऱ्या ताई म्हणाल्या, "अरे, घसा बसलाय. काळी दोन नको, आज काळी एक दे." आजोबा असते तर बोटांतल्या बोटांत पट्टी बदलली असती. मी ट्रान्सपोजचं बटण दाबून दोन सूर खाली आलो. गाणं छान झालं. पुढचं गाणं गिटारबरोबर, आणि मी ते शून्यावर आणायला विसरलो. गिटारवाल्याचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून मेसेज करणाऱ्यांना आता मी उलटा प्रश्न विचारतो: तू काय सोडायला तयार आहेस? क्लासिकल पियानो शिकत असशील तर ८८ वेटेड पट्ट्या सोडू नकोस, बाकी शंभर आवाज सोड. बँडमध्ये वाजवत असशील तर खालची-वरची टोकं फार लागत नाहीत, ७३ चा पर्याय बघ. यामाहाचा सीपी-७३ तेरा किलोचा आहे, त्याचाच ८८ वाला भाऊ साडेअठरा. घर आणि गिग दोन्ही हवं असेल तर स्पीकर असलेला घे, पण दुकानात आधी मागची बाजू बघ. लाइन आउट वेगळं आहे का? नसलं तरी चालेल, पण ते माहीत असू दे. उघड्यावर, वीज जाते अशा ठिकाणी वाजवणार असशील तर कॅसिओच्या पीएक्स-एस मालिकेत सहा पेन्सिल सेलवर चालणारे आहेत. आणि दुकानात फक्त वाजवू नकोस. बॅगेत घालून उचल, जमलं तर दोन जिने चढून बघ. दुकानदार हसेल, हसू दे. एक्स आकाराचा स्वस्त स्टँड मात्र घेऊ नको, वेटेड पियानोखाली तो डुलतो आणि गुडघे आपटतात ते वेगळंच.

शनिवारी ठाण्याला कार्यक्रम आहे. बॅग दाराशी भरून ठेवलीय. जास्तीचा अडॅप्टर, पेडल, ती साडेतीनशेची केबल. गाडी मिळाली नाही तर लोकलने जाईन, रॅकवर ठेवणार नाही. आणि निघायच्या आधी ट्रान्सपोज शून्यावर आहे का, ते दोनदा बघीन.