मैलभर नाणी

अमेरिकेत दहा सेंटच्या नाण्याला डाइम म्हणतात. त्यांच्या चलनातलं हे सगळ्यात लहान नाणं, व्यास १७.९१ मिलिमीटर. अशी नाणी एकाला एक चिकटवून रस्त्यावर मांडत गेलो, तर एक मैल पुरा व्हायला किती लागतील? फोनवर हिशेब केला, तर आकडा आला ८९,८५७. म्हणजे नऊ हजार डॉलरला थोडे कमी.

हा रिकामटेकड्या इंजिनिअरचा खेळ वाटेल, पण शिकागोच्या दक्षिण भागात राहणाऱ्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर खरोखरच अशी मोहीम काढली होती. नाव, 'माइल ऑफ डाइम्स'. वस्तीतल्या चित्रकारांना काम करायला, शिकवायला आणि चित्रं टांगायला एक घर हवं होतं, आणि त्यासाठी ज्याने त्याने एकेक डाइम द्यायचा होता. एकोणचाळिसावा रस्ता आणि साउथ पार्कवे यांच्या कोपऱ्यावर मार्गारेट टेलर-गॉस नावाची विशी-पंचविशीतली चित्रकार मुलगी हातात डबा घेऊन उभी राहायची. संस्थेच्या मंडळातली सगळ्यात लहान सदस्य तीच. पुढे दुसऱ्या लग्नानंतर ती मार्गारेट बरोज या नावाने ओळखली गेली.

त्या डब्यातून उभं राहिलेलं साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर आजही आहे. त्याच घरात. पत्ता ३८३१, साउथ मिशिगन अव्हेन्यू.

मी या गोष्टीच्या मागे लागलो त्याला कारण आहे. पुण्यात मी रविवारी लिनोकट शिकायला ज्या चित्रशाळेत जातो, तिथे दोन खोल्या आहेत, हाताने फिरवायचा एक प्रेस आहे आणि शाई न निघणारं एक बेसिन आहे. अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालकाने भाडं बरंच वाढवून मागितलं. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड फिरतोय. काही महिन्यांचं भाडं जमलं आणि मग वाद सुरू झाला. कुणी म्हणतं एखादी कंपनी गाठा, सीएसआरमधून होऊन जाईल. कुणी म्हणतं सगळ्यांनी शंभर-शंभर रुपये दर महिन्याला द्या. कुणी नुसताच अंगठा दाखवतं. या वादात मी वाचत वाचत शिकागोला पोचलो.

ही वस्ती म्हणजे ब्रॉन्झव्हिल. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेकडच्या राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय माणसं कामासाठी उत्तरेला आली. शिकागोत त्यांच्या वाट्याला शहराचा एक अरुंद पट्टा आला. बाहेर घर घेऊ म्हटलं, तर घरांच्या कागदपत्रांतच अट लिहिलेली असायची, की ही मालमत्ता कृष्णवर्णीयांना विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही. या अटी न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १९४८ मध्ये. तोवर डॉक्टर, रेल्वेतला हमाल, विमा एजंट आणि बेकार चित्रकार सगळे त्याच पट्ट्यात.

चित्रकार होतेच. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडे होते, पण फी परवडायला हवी ना. तेव्हा जॉर्ज नील या शिक्षकाभोवती जमलेल्या पोरांनी एक युक्ती काढली. आर्ट क्राफ्ट्स गिल्ड नावाचा त्यांचा गट होता. ते पार्ट्या ठेवायचे, त्यातून जमलेल्या पैशांत एकाला इन्स्टिट्यूटच्या वर्गाला पाठवायचे आणि तो शिकून आला की बाकीच्यांना शिकवायचा. आपल्याकडच्या भिशीची आठवण येते. फक्त इथे नंबर लागला की हातात पैसे न येता वर्गातली जागा यायची. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चित्रकारांत गणला गेलेला चार्ल्स व्हाइट याच गटातला.

म्हणजे 'माइल ऑफ डाइम्स' आकाशातून पडली नव्हती. पैसे नसताना कला कशी चालवायची याची सवय त्या वस्तीला आधीच होती.

मग सरकार आलं. १९२९ च्या मंदीनंतर रूझवेल्ट सरकारने बेकारांना कामं देण्यासाठी ज्या योजना काढल्या, त्यांत १९३५ मध्ये फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू झाला. चित्रकारांना पगार द्यायचा आणि त्यांच्याकडून सार्वजनिक इमारतींत भित्तिचित्रं, शिल्पं, पोस्टरं करून घ्यायची. याच योजनेतून देशभर शंभरावर सामुदायिक कलाकेंद्रं निघाली. त्यातली वाटणी मला फार महत्त्वाची वाटते. शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार केंद्र सरकार देणार. जागा, वीज-पाणी आणि रंग-कागदाचा खर्च स्थानिक लोकांनी उचलायचा.

शिकागोत या बोलण्यांना १९३८ मध्ये सुरुवात झाली. योजनेतर्फे पीटर पोलॅक आला. तो गोरा गॅलरीवाला, आणि कृष्णवर्णीय चित्रकारांची कामं त्याने आधी मांडलेली होती. वस्तीतले व्यापारी, समाजसेविका, शिक्षिका, चित्रकार असे सगळे बैठकांना येऊ लागले. गोल्डन डार्बी हा विमा व्यवसायातला माणूस पुढाऱ्यांपैकी एक. जागा कुठली घ्यायची, ती भाड्याने घ्यायची की विकत, हा खल झाला आणि विकत घ्यायचं ठरलं.

पैसे दोन वाटांनी आले. एक वाट डाइमची. दुसरी चकचकीत होती, 'आर्टिस्ट्स अँड मॉडेल्स बॉल'. सत्तेचाळिसाव्या रस्त्याजवळच्या साव्हॉय बॉलरूममध्ये हा नाचगाण्याचा सोहळा १९३९ मध्ये पहिल्यांदा झाला. वस्तीतल्या प्रतिष्ठित घरच्या बायका झगमगीत पोशाख घालून मिरवणार, चित्रकार सजावटीला राबणार आणि तिकिटांचे पैसे केंद्राला. हा बॉल पुढे दरवर्षीचा झाला.

इथे थोडं घरी येतो. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी काढलेला पैसा फंड आठवतो. माणशी वर्षाला एक पैसा, त्यातून देशी उद्योग. टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लहान नाण्याचा एक फायदा असतो. ते देताना कुणाला दानशूर झाल्यासारखं वाटत नाही, पण नंतर त्या जागेवरून जाताना 'यात आपलाही पैसा आहे' असं मात्र वाटतं. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन जिने चढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

विकत घेतलेलं घर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं. धान्याच्या व्यापारात पैसा केलेल्या एका गोऱ्या कुटुंबासाठी गुस्ताव हॉलबर्ग या वास्तुविशारदाने ते बांधलं होतं. ते धनिक केव्हाच तो भाग सोडून गेले होते. आतल्या दुरुस्तीचा खर्च सरकारी योजनेने केला, आणि काम मिळालं हिन ब्रेडेनडीक आणि नेथन लर्नर यांना. हे दोघे 'न्यू बाउहाउस'चे. नाझींच्या दबावाखाली जर्मनीत बंद पडलेल्या बाउहाउसची परंपरा मोहोली-नॉजने १९३७ मध्ये शिकागोत नव्याने सुरू केली होती, ती ही शाळा. त्यांनी जुन्या हवेलीच्या दिवाणखान्याच्या भिंती साध्या लाकडी फळ्यांनी मढवून गॅलरी केली. खिळा ठोका, चित्र टांगा, उपटा, पुन्हा ठोका.

डिसेंबर १९४० मध्ये दारं उघडली. ७ मे १९४१ ला रीतसर उद्घाटनाला एलिनॉर रूझवेल्ट आल्या. त्या समारंभातही एक कुरकुर होती. पुढच्या खुर्च्यांवर प्रतिष्ठित मंडळी, आणि ज्यांच्यासाठी घर घेतलं ते चित्रकार कुठेतरी मागे. चित्रकारांच्या वतीने मार्गारेट बोलली. झोपडपट्ट्या आम्ही कल्पनेने रंगवत नाही, समोर दिसतात म्हणून रंगवतो, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता. ही कुरकुर लक्षात ठेवा, पुढे ती महागात पडणार आहे.

पहिली दोन-तीन वर्षं मात्र या घरात जे घडलं ते वाचून हेवा वाटतो. गॉर्डन पार्क्स नावाचा तरुण तळघरातल्या डार्करूममध्ये फोटो धुवायचा. वस्तीतल्या श्रीमंत बायकांची पोर्ट्रेट काढून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात रस्त्यावरचं आयुष्य टिपायचा. त्या कामावर त्याला रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे तो 'लाइफ' मासिकाचा छायाचित्रकार झाला. इनेझ कनिंगहॅम स्टार्क ही श्रीमंत गोरी बाई, मैत्रिणींचे सल्ले धुडकावून, १९४१ मध्ये इथे कवितेचा वर्ग घ्यायला यायची. त्या वर्गात ग्वेंडोलिन ब्रुक्स बसायची. १९५० मध्ये तिला पुलित्झर मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखक ठरली. कला शिकायला आलेली लहान मुलं, शिवणकाम, मातीकाम, हे सगळं त्याच छपराखाली चालू होतं.

आणि मग पैसे थांबले. अमेरिका युद्धात उतरली, कारखान्यांत माणसं कमी पडू लागली, बेकारीसाठीच्या योजनेची गरज उरली नाही. १९४३ मध्ये ती गुंडाळली. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर क्लाउडची फुकट क्रेडिट्स एका सकाळी संपली.

न्यू यॉर्कमधलं हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर शिकागोच्या आधीचं, १९३७ चं. पहिली संचालक ऑगस्टा सॅव्हेज ही नामांकित शिल्पकार. त्याच्याही उद्घाटनाला एलिनॉर रूझवेल्ट गेल्या होत्या. हार्लेमच्या त्या काळातल्या केंद्रांनी जेकब लॉरेन्ससारखे चित्रकार घडवले. गुणवत्तेत ते शिकागोपेक्षा कणभरही कमी नव्हतं, प्रसिद्धीत तर पुढेच होतं. १९४२ मध्ये ते बंद झालं. देशभरच्या शंभरावर केंद्रांपैकी आपल्या मूळ घरात अखंड टिकून राहिलेलं केंद्र म्हणून आज शिकागोच्या या एकाच केंद्राचं नाव घेतलं जातं.

असं का झालं, याची बरीच कारणं असतील. मला सगळ्यात पटतं ते साधं आहे. लोकांनी गोळा केलेला पैसा पगारात आणि कार्यक्रमांत विरघळला नव्हता, तो विटांत गेला होता. पगार थांबले तेव्हा शिक्षक गेले, वर्ग रोडावले, पण कुणी कुलूप लावायला येऊ शकत नव्हतं. शिवाय बॉलची तिकिटं विकणाऱ्या बायका आणि डबा घेऊन फिरणारी पोरं, दोघांनाही पैसे कसे मागायचे हे आता ठाऊक होतं. सरकारी अनुदानाची ती अट, जागा तुमची तुम्ही बघा, तेव्हा जाचक वाटली असणार. तीच कामी आली. आमच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एकीने विचारलं, "अरे, पण पुण्यात जागा घ्यायला किती मैल नाणी लागतील?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकागोच्या त्या लोकांना एक सोय होती हे खरंच आहे. गोऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तीत हवेली स्वस्त होती. भेदभावानेच भाव पाडला होता.

पुढची वर्षं ओढाताणीची. रेक्स गोरले या चित्रकाराने काही वर्षं संचालकपद सांभाळलं. नंतर पूर्णवेळ संचालकाचा पगारही जड झाला आणि घर तगवलं ते मुख्यतः मंडळातल्या बायकांनी. शिक्षिका, समाजसेविका अशा नोकरदार बायका. कोळसा आणि विजेची बिलं भरण्यासाठी चहापानं, प्रदर्शनं, पुन्हा बॉल. इतिहासाच्या पुस्तकांत पार्क्स आणि ब्रुक्स यांच्यावर पानंच्या पानं आहेत, या बायकांवर ओळी.

आता ती कुरकुर. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्टांच्या संशयाची लाट आली. मार्गारेट डाव्या विचारांची आणि बोलून दाखवणारी. शाळेत ती कला शिकवायची, तिथेही तिची चौकशी झाली. केंद्राच्या प्रतिष्ठित मंडळींना भीती वाटली, की हिच्यामुळे आपल्या संस्थेवर शिक्का बसेल. ज्या मुलीने कोपऱ्यावर उभं राहून डाइम गोळा केले होते, तिलाच तिथून दूर व्हावं लागलं. मंडळींची भीती खोटी नव्हती. त्या काळात नुसत्या संशयावर नोकऱ्या जात होत्या. तरीही हे वाचताना राग येतो. प्रतिष्ठितांच्या पैशाने घर मिळवून दिलं आणि त्यांच्या प्रतिष्ठेची काळजीही त्याच घरात राहायला आली.

मार्गारेट लांब गेली नाही. त्याच मिशिगन अव्हेन्यूवर, समोरच्या बाजूला ३८०६ क्रमांकाच्या घरात ती नवऱ्यासह राहत होती. तिथल्याच दिवाणखान्यात त्यांनी १९६१ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासाचं संग्रहालय सुरू केलं. आजचं डूसेबल संग्रहालय ते हेच. स्वतःचे लिनोकट ती मुद्दाम स्वस्तात विकायची, साध्या माणसाच्या भिंतीवर चित्र लागावं म्हणून.

२०१० मध्ये ती गेली. समोरचं घर १९९४ पासून शहराच्या वारसा यादीत आहे. त्याच्या तळमजल्यावरच्या गॅलरीला आता तिचं नाव आहे. न्यू बाउहाउसवाल्यांनी बसवलेल्या लाकडी फळ्या त्याच आहेत. त्या रंगवून गुळगुळीत केलेल्या नाहीत. फोटो झूम करून पाहिला तर चित्रांच्या आजूबाजूला, वर-खाली, सगळीकडे खिळ्यांची भोकं दिसतात.