'वस्तुस्थिती'चे पान

डॅन ब्राऊन यांची 'द दा विंची कोड' ही कादंबरी २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या, मराठीतही अनुवाद आला, २००६ साली चित्रपट निघाला. त्या चित्रपटावर आपल्याकडे गोवा, आंध्र प्रदेश, तमिळनाडू अशा काही राज्यांनी बंदी घातली. बंदीने साधले ते एवढेच, की ज्यांनी पुस्तक उघडलेही नव्हते त्यांनाही त्यात काही दडपलेले सत्य असावे असे वाटू लागले. ग्रंथाला उत्तर द्यायचे ते चिकित्सेने.

कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो कथा सुरू होण्यापूर्वीच्या एका पानाशी. 'वस्तुस्थिती' अशा मथळ्याखाली तेथे सांगितले आहे की, 'प्रायरी ऑफ सायन' ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संघटना आहे आणि तिची गुप्त कागदपत्रे १९७५ साली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली. ज्याच्या घरात पुस्तक पहिल्यांदा त्याच्याच हाताने आले, अशा माझ्यासारख्या माणसाला छापील पानाचा केवढा दरारा वाटतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच या पानाचा हिशेब मागितला पाहिजे.

ही संघटना १९५६ साली फ्रान्समध्ये रीतसर नोंदवली गेली. नोंदवणारा पिएर प्लांतार हा इसम फसवणुकीबद्दल तुरुंगात जाऊन आलेला होता. तरुणपणी त्याने ज्यूद्वेष्ट्या विचारांचे पत्रकही चालवले होते. नाव आले ते जवळच्या सायन नावाच्या डोंगरावरून, आणि संघटनेच्या पत्रिकेचा विषय होता स्वस्त घरांतल्या भाडेकरूंचे हक्क! पुढे प्लांतारला आपण मेरोव्हिंजियन राजांचे वंशज असल्याचे सिद्ध करायचे होते. त्यासाठी त्याने व त्याच्या साथीदारांनी बनावट वंशावळी तयार केल्या आणि १९६० च्या दशकात स्वतःच ग्रंथालयात नेऊन ठेवल्या. जे ठेवले तेच पुढे 'सापडले'. लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो ही प्रमुखांची यादी त्याच कागदांतली. १९८२ साली तीन इंग्रजी लेखकांनी त्या वंशाला येशूच्या रक्ताची जोड दिली. १९९३ साली एका न्यायाधीशासमोर शपथेवर प्लांतारने सारी बनवाबनवी कबूल केली. 'वस्तुस्थिती'चे पान छापले गेले ते त्यानंतर दहा वर्षांनी.

कथेतला इतिहासाचा पंडित सांगतो, की ३२५ साली नायसियाच्या परिषदेत थोड्याशा मताधिक्याने येशूला देव ठरवले आणि बायबलची निवडही सम्राट कॉन्स्टंटाईननेच केली. प्रत्यक्षात येशूला प्रभू मानणारी पौलाची पत्रे त्याच्या अडीचशे वर्षे आधीची आहेत. परिषदेत वाद होता तो पुत्र पित्यासारखाच अनादी आहे की पित्याने निर्माण केलेला, हा. शेवटी अवघ्या दोन बिशपांनी सही नाकारली. ग्रंथांच्या निवडीवर तेथे निर्णयच झाला नाही. मात्र सम्राटाने विरोधी मताच्या एरियसला हद्दपार केले, त्याचे लेखन जाळण्याचा हुकूम काढला. राजसत्ता धर्ममत कसे घडवते याचा हा अस्सल पुरावा हाताशी असताना लेखकाला मतमोजणीचा खोटा प्रसंग रचावासा वाटला.

लग्नाचा पुरावा म्हणून 'फिलिपचे शुभवर्तमान' पुढे केले आहे. अरमाईक भाषेत 'सोबतीण' म्हणजे पत्नी, असे पंडित म्हणतो. पण १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेले हे हस्तलिखित कॉप्टिक भाषेत आहे आणि तो शब्द मूळचा ग्रीक आहे. त्याला सहकारी, भागीदार असेही अर्थ आहेत. येशू तिचे चुंबन घेई असे जेथे म्हटले आहे, तेथे नेमक्या जागी पान फाटलेले आहे.

चेटकिणी म्हणून चर्चने पन्नास लाख बायका जाळल्या, असाही दावा आहे. आजचे इतिहासकार मृत्युदंड झालेल्यांची संख्या सुमारे चाळीस ते साठ हजार धरतात. त्यांत पुरुषही होते आणि पुष्कळशा शिक्षा राजसत्तेच्या न्यायालयांनी दिल्या. चाळीस हजार बळी कमी आहेत काय? आपल्या सभांतूनही असे आकडे फुगतात. मग विरोधक एक खोटा आकडा पकडतो आणि त्याच्या आडून खऱ्या अत्याचारालाच नाकारतो. अन्याय झालेल्याला अतिशयोक्ती परवडत नाही.

कोणी म्हणेल, आमचा इतिहास तर लिहूच दिला नाही, मग कल्पनेवाचून गत्यंतर काय? हा प्रश्न बाबासाहेबांपुढेही होता. 'द अनटचेबल्स' (१९४८) च्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितले, की पुराव्याची साखळी तुटते तेथे इतिहासकाराने कल्पना व अंतर्ज्ञान वापरून तात्पुरता सिद्धांत मांडण्यास हरकत नाही. परंतु सिद्धांताला त्यांनी सिद्धांतच म्हटले आणि तो तपासायला वाचकापुढे ठेवला. येथे तर बनावटीला वस्तुस्थिती म्हटले आहे.

मला सर्वांत खटकते ते या कथेचे हृदय. रहस्य उलगडते ते काय, तर नायिकेच्या अंगात पवित्र राजरक्त आहे! ज्यांना हजारो वर्षे जन्मावरून जोखले गेले, त्यांनी हे वाचून टाळ्या वाजवायच्या? स्त्रीचा सन्मान म्हणून हे पुस्तक मिरवले जाते. मरीया मग्दालियाला ५९१ साली पोप ग्रेगरीने एका प्रवचनात बायबलमधल्या पापिणीशी एकरूप केले. ती चूक रोमन चर्चच्या दिनदर्शिकेतून निघायला १९६९ साल उजाडले. कादंबरी तिच्यावरचा कलंक पुसते आणि तिला राजकुळातली, येशूची पत्नी, वंश चालवणारी कूस करून ठेवते. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीपाशी तिचे नाव आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर उठलेला येशू पहिल्यांदा भेटतो तो तिलाच, आणि शिष्यांना निरोप द्यायला पाठवतो तोही तिलाच. तेथे ती कोणाची बायको किंवा आई म्हणून उभी नाही.