शिडी आणि जिना : जमाखर्चातील एका बाबीचा इतिहास



स्मरणिकेत मीही काही लिहावे असा समितीचा आग्रह झाला. मी लेखक नव्हे. एस.एस.सी. झाल्यावर तहसील कचेरीत चिकटलो तो आजतागायत कारकुनी करीत आहे. जीर्णोद्धाराच्या कामात हिशेबाची वही माझ्याकडे होती, एवढाच माझा अधिकार. तेव्हा वहीतल्याच एका बाबीबद्दल लिहितो.

या स्मरणिकेच्या शेवटी जमाखर्च छापला आहे. त्यात खर्चाच्या बाजूस 'तात्पुरता जिना, भाडे, सामान व मजुरी' अशी एक ओळ आढळेल. हिशेब वाचून दाखवला त्या दिवशी दोघातिघांनी उभे राहून विचारले, "देवळाला जिना आहे कोठे? आम्हाला तर दिसत नाही." प्रश्न वाजवी होता. संगमरवराच्या फरशीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, कळसावर येते. काम संपल्यावर जो काढून टाकायचा त्या जिन्यावर नाव कोठे कोरणार? त्या वेळी सभेत मी थोडक्यात उत्तर दिले. सविस्तर उत्तर येथे देत आहे. त्यासाठी जुन्या काळापासून सुरुवात करावी लागेल, वाचकांनी कंटाळू नये.

देऊळ बांधायचे म्हणजे माणसाला उंच चढवायचे आणि त्याच्या डोक्यावर ओझेही चढवायचे. हा प्रश्न प्रत्येक काळात कारागिरांपुढे आला. वेरुळच्या कैलास लेण्याच्या कारागिरांनी तो निराळ्याच रीतीने सोडवला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, त्यांनी डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी शिखर, मग मंडप, शेवटी पाया. उभे राहायला डोंगरच पायाखाली होता. परंतु हे सगळीकडे जमण्यासारखे नाही. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर इ. स. १०१० च्या सुमारास राजराज चोळाने पुरे केले. त्याचे शिखर सुमारे दोनशे फूट उंच. त्याच्या माथ्यावरचे अवजड दगड चढवण्यासाठी कित्येक मैल लांबीचा मातीचा उतार केला होता, असे तिकडे परंपरेने सांगतात. तो उतार जेथून सुरू झाला म्हणतात त्या गावाचे नाव सारापळ्ळम. त्याचा अर्थ मचाणाचा खळगा असा सांगितला जातो. दंतकथा खरी असो वा नसो, उतार गेला तरी त्याची आठवण एका गावाच्या नावात राहिली आहे.

शिडीचा इतिहास पाहायचा तर आपल्याला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ गाविलगडचा किल्ला आहे. इ. स. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. १५ डिसेंबरला तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पडले, सैन्य आत शिरले. पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा फुटेना. तेव्हा कॅप्टन कॅम्बेल नावाच्या अधिकाऱ्याने ९४ व्या पलटणीची एक तुकडी घेऊन अवघड चढणीवर जागा शोधली, शिडी लावली, तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्ला पडला. आपल्या वऱ्हाडच्या इतिहासातली सर्वांत परिणामकारक शिडी बहुधा हीच, आणि ती आपल्या विरुद्ध बाजूची होती!

पण त्याच सेनापतीच्या शिडीची दुसरी गोष्टही आहे, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. गाविलगडच्या चारच महिने आधी, ८ ऑगस्ट १८०३ रोजी, त्याच्या फौजेने अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. तट उंच होता. शिपाई वर पोचले आणि पाहतात तो तटाला आतून चालण्याची वाट नाही. पाय ठेवायला जागाच नाही. मागून चढणारे ढकलताहेत, पुढे पोकळी, आणि बाजूच्या बुरुजांवरून गोळ्या येताहेत. कित्येक शिपाई तेथेच पडले. शिडी खाली कशावर टेकते हे सगळे पाहतात. वर ती कोठे पोचवते हे कोणी पाहिले नव्हते.

लढाईतले मेलेले इतिहासात येतात. बांधकामावर मेलेल्यांची नोंद कोण ठेवतो? पण एकाची ठेवली गेली, आणि तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. संत चोखोबांचे जन्मगाव परंपरेने मेहुणाराजा मानतात, ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या वऱ्हाडातलेच. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना ते काम कोसळले आणि दगडमातीखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. ते साल इ. स. १३३८ सांगतात. नामदेव महाराज तेथे गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरीस आणल्या, अशी कथा आहे. आपल्या तालुक्यातील कौंडण्यपूरच्या पालखीबरोबर जे वारकरी पंढरपूरला जातात त्यांनी महाद्वाराशी ती समाधी पाहिलेलीच आहे. चोखोबा संत होते म्हणून त्यांच्या अस्थी ओळखल्या गेल्या. त्याच ढिगाऱ्यात जे इतर होते, त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. पण ती बांधकामावरच्या अपघाताचीही कथा आहे, हे माझ्या ध्यानात आले ते आपल्या देवळाच्या कामावर.

आता तो प्रसंग सांगतो. सभामंडपाच्या भिंती डोक्याच्या वर गेल्या होत्या. गवंड्याने शिडी मागितली. गावकीची बांबूची जुनी शिडी होती ती मीच आणवून दिली. नवीचा खर्च वाचला याचा मला आनंदही झाला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. एक रेजा गाऱ्याचे घमेले घेऊन चढ-उतर करीत होती. सकाळीच ती मला म्हणाली, "भाऊ, निसनी हालून राह्यली." मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "धरून चढा, बाई." डोक्यावर घमेले, एक हात घमेल्याला. धरायचे कशाने, हे मला सुचले नाही. दुपारी शिडीचा एक पाय काळ्या मातीत खचला, शिडी फिरली आणि बाई खाली आल्या. वाळूच्या ढिगाऱ्यावर पडल्या म्हणून जीव वाचला. उजवे मनगट मोडले. दवाखान्याचा खर्च समितीने केला, तोही जमाखर्चात आहे. पण कापूस वेचणीचा हंगाम तोंडावर होता. मोडलेल्या हाताने वेचणी होत नाही. त्या हंगामाची मजुरी गेली ती आमच्या कोणत्याही वहीत नाही.

शिडीत दोष काय होता हे नंतर आम्ही नीट पाहिले. दोष एकच नव्हता. ती जवळजवळ उभीच लावलेली होती. शिडी टेकते ती उंची चार हात असेल तर पाय भिंतीपासून एक हात दूर असावा, हे प्रमाण जगभर मानतात. माथा जेथे उतरायचे त्याच्या वर सुमारे तीन फूट यायला हवा, म्हणजे उतरताना धरायला काही राहते. आमच्या शिडीचा माथा मचाणाच्या खालीच संपत होता. अहमदनगरच्या तटाची चूक आम्ही सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा केली होती. वर ती बांधलेली नव्हती, आणि कोणीतरी तिला हौसेने हिरवा रंग दिला होता. लाकडी किंवा बांबूच्या शिडीला रंग देऊ नये. रंगाखाली चीर झाकली जाते. रंग खरवडला तेव्हा दोन पायऱ्यांच्या सांध्यांवर चिरा निघाल्या.

हे नियम काही मी शोधले नाहीत. १९३७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत बांधकामावरील सुरक्षिततेचा स्वतंत्र करार झाला, त्यात मचाण व शिड्यांचा विचार होता. आपल्या देशात भारतीय मानक क्रमांक ३६९६ याच विषयावर आहे. त्याच्या मचाणाच्या भागाची आवृत्ती १९८७ ची आणि शिडीच्या भागाची १९९१ ची. १९९६ साली संसदेने इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि दहा वा अधिक मजूर असलेली कामे त्यात आणली. महाराष्ट्राचे नियम २००७ साली आले. पुढे २०२० साली संसदेने कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची संहिता मंजूर केली. एवढे कागद माझ्यासारख्या कागदाच्या माणसाला ठाऊक नसावेत याची लाज वाटली. आपण समजतो की कायदा शहरातल्या मोठ्या इमारतींसाठी. गावचे देऊळ म्हणजे घरचे काम. शिवाय आपल्या तालुक्याला श्रमदानाची सवय आहे. मोझरीला राष्ट्रसंतांनी १९३५ साली गुरुकुंज उभारले तेव्हापासून पोरे हौसेने हात लावायला येतात. हात लावावा, पण हौशी पोरगा शिडीवर अधिक धोक्यात असतो, हेही पाहावे.

अपघातानंतर समितीची बैठक झाली. कोणी म्हणाले, नवी शिडी घ्या. गवंडी म्हणाला, "शिडी माणसासाठी असते, ओझ्यासाठी नसते. दिवसभर घमेली चढवायची तर जिना पाहिजे." त्याचे म्हणणे सर्वांना पटले. अमरावतीहून लोखंडी नळ्यांचा, जागा बदलता येईल असा जिन्याचा सांगाडा भाड्याने आणला. फळ्या, पाट्या व दोर विकत घेतले. शिडीही एक नवी घेतली, पण ती नुसत्या वर-खाली जाण्यापुरती.

जिना उभा करण्यात दीड दिवस गेला आणि त्यावरही काहींनी नाके मुरडली. आपली जमीन काळी. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर कोणताही पाय सरळ राहत नाही. म्हणून चारही पायांखालची माती काढून मुरूम भरला, धुम्मसाने ठोकला, त्यावर जाड पाट्या ठेवल्या. विटा रचून पाय उंच करू दिला नाही. पाण्याच्या नळीने पातळी व ओळंब्याने उभेपणा पाहिला. सांगाडा भिंतीच्या पक्क्या झालेल्या खांबांना जागोजागी आवळला. पायऱ्या सगळ्या एका उंचीच्या घेतल्या. पाऊल पहिल्या दोन पायऱ्यांची उंची लक्षात ठेवते आणि तिसरी बोटभर जरी चुकली तरी अडखळते. दोन्ही बाजूंना कमरेच्या वर कठडा, कठड्याच्या मध्ये आणखी एक नळी, आणि वरच्या मचाणाच्या कडेला उभी फळी, म्हणजे वीट पायाने घसरून खालच्याच्या डोक्यात पडू नये. वरची पायरी आणि मचाण यांच्यात फट ठेवली नाही. देवळावरून जाणारी विजेची तार अर्ज करून आधी बाजूला करून घेतली. लोखंडाला तारेशेजारी उभे करणे म्हणजे यमाला आवतण.

हा जिना तीनदा हलवला. सभामंडपावरून गाभाऱ्याच्या बाजूला, तेथून शिखराकडे. हलवला की तो नवाच जिना, असे गवंड्याने ठरवून टाकले होते: पुन्हा मुरूम, पुन्हा पाट्या, पुन्हा ओळंबा, पुन्हा बांधणी. रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी आणि पावसानंतर तो स्वतः चढून पाही, मग मी वहीत वेळ टाकून त्याची सही घेई. त्या सह्यांची पाने कोणाला पाहायची असल्यास समितीच्या कपाटात आहेत. शिखराचे काम जवळपास चार महिने चालले. त्यात कोणी पडले नाही.

ज्या बाईंचे मनगट मोडले त्या शिखराच्या कामावर परत आल्या. पहिल्या दिवशी जिन्यापाशी थांबल्या, कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलला नाही. मग घमेले उचलले. कलशारोहणाच्या दिवशी मानकऱ्यांबरोबर कळस वर नेणाऱ्यांत त्यांनाही बोलावले होते. याबद्दल एकदोघांची कुजबुज झाली, ती येथे लिहिण्याचे कारण नाही.

सांगाडा भाड्याचा होता, तो परत गेला. फळ्या, पाट्या, दोर आणि नवी शिडी सभामंडपामागच्या खोलीत ठेवली आहेत. ग्रामस्थांपैकी कोणास लागल्यास नोंदवहीत सही करून न्यावीत व परत आणून द्यावीत. नेताना शिडीला रंग देऊ नये. वहीतली पहिली नोंद त्याच बाईंच्या मुलाची आहे: पावसाळ्यापूर्वी घरावरची कवेलू फेरण्यासाठी, शिडी एक, पाटी एक, दोर एक. तिसऱ्या दिवशी सर्व सामान परत जमा.