बारीक जाळ

पायाखाली वाळू लागते तेव्हा तुमच्या ध्यानात येतं की डांबरी रस्ता मागेच कुठेतरी संपलाय. आत्ता तर वडूजच्या एसटी स्टँडवरून निघाला होतात. खांद्याला पिशवी, पिशवीत बिअरची एक बाटली. तिकडे बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये कांदा तांबूस परतून, बैलाचं मांस बिअरमध्ये तीन-तीन तास रटरटवत ठेवतात, ती कृती मोबाइलवर पाहून तुम्ही पेटला होतात. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या मांसालाही बंदी, म्हणून बोकडावर भागवायचं ठरलं होतं. मटण घ्यायचं राहिलं. मोबाइलची रेंज गेलीय, पण रेंज जायला वडूजमध्ये फार मोठं कारण लागत नाही, तेव्हा त्यावरून काही शंका आली नाही.

शंका येते ती वासावरून. सुकं खोबरं थेट निखाऱ्यावर भाजल्याचा वास, त्याच्या मागोमाग बाभळीचा धूर. समोर येरळेचं पात्र कोरडं पडलंय, वैशाखातलं. वाळूत कमरेइतका झिरा खणलाय आणि एक बाई नरोटीनं पाणी उपसून घागर भरतेय. थेंब सांडला तर आधी त्याच्याकडे बघते, मग तुमच्याकडे. नदीवर ना पूल दिसतो, ना टॉवर. काठावर लिंबाखाली पिराचा चुना लावलेला ओटा, त्यावर नवी हिरवी चादर, आणि थोडं अलीकडे जमिनीत खणलेला हातभर खोल चर. चरात जाळ, जाळावर कल्हईचं मोठं तांब्याचं भगुलं.

"कुटनं आलासा, पाव्हणं?" चराशी उकिडवा बसलेला म्हातारा विचारतो.

"वडूजमधनं."

"वडूज ह्येच की!" तो हसतो आणि बाजूचा दगड दाखवतो. "बसा. कंदुरीला आल्याला मानूस परत जाऊ ने."

एक पोरगं डोक्यावर शेण्यांची पाटी घेऊन येतं. म्हातारा त्याच्या पाठीवर थाप मारतो. "ह्यो गोळीबाराच्या साली झाला. पावसाळ्यात नऊ पुरी व्हतील." तुम्ही मनात बेरीज करता आणि घशाला कोरड पडते. वडूजचा गोळीबार म्हणजे 9 सप्टेंबर 1942. मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह 9 जण पडले. तुम्ही ती नावं स्मारकावर वाचलीत. इथं अजून पोरांची वयं त्या दिवसावरून मोजतात.

म्हणजे हा 1951 चा मे महिना. जिल्ह्याचं नावही अजून उत्तर सातारा. 1949 ला सातारा दुभंगला, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली म्हणायला 1960 उजाडायचंय. चार कोसांवरच्या औंधच्या राजाचं राज्य विलीन होऊन तीन वर्षं झाली. आणि मग तुम्हाला खांद्यावरची पिशवी आठवते. मुंबई राज्यात गेल्या वर्षापासून संपूर्ण दारूबंदी आहे. या महिन्याच्या अखेरीस सुप्रीम कोर्ट त्या कायद्यातली काही कलमं उडवणार आहे खरं, पण ती मुख्यतः मद्यार्क असलेल्या औषधांपुरती नि प्रसाधनांपुरती. तुमच्या बाटलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुम्ही पिशवी मांडीखाली सरकवता.

कंदुरी म्हणजे पिराला बोकडाचा नवस, आणि हा नवस शेतकऱ्याच्या घरचा आहे. बैल आजारातून उठला की पोर, ते कुणी नीट सांगत नाही. बोकड कापलाय मुलाण्यानं. हिंदूंच्या घरचा नवस, मुसलमानाचा पीर आणि सुरी मुलाण्याच्या हातात, यात इथं कुणाला काही जोडून सांगावंसं वाटत नाही. त्याच्या मानाचा वाटा आधीच पानावर काढून ठेवलाय, कारण तो आधी निघाला नाही तर पुढचं सगळं अडतं.

आता भगुल्याकडे बघा. तुम्ही त्याचसाठी आलात.

मटणाला हळद-मीठ चोळून झालंय. तळाला थोडंसं तेल, त्यावर कांदा, त्यावर मटण, आणि पाणी अजिबात नाही. वर खोलगट ताट झाकण म्हणून बसवलंय आणि पाणी त्या ताटात ओतलंय. आतली वाफ गार ताटाला लागून थेंब होते, परत मटणावर पडते. मटण आपल्याच अंगच्या पाण्यात शिजतं. ताटातलं पाणी तापलं की पळीनं तेच आत जातं आणि ताटात नवं गार पाणी. गार पाणी थेट मटणात ओतणाऱ्याला इथं माणसात मोजत नाहीत. "दचकतं त्ये," म्हातारा म्हणतो. "दचाकलं की आखडून बसतं."

तुम्ही मध्येच एक लाकूड पुढे सारता, मदत म्हणून. तो ते शांतपणे मागे ओढतो.

"बारीक. जाळ बारीक ऱ्हाऊ द्या. वरनं नुस्ता एक-एक बुडबुडा आला पायजे."

तुमच्या डोक्यात कृतीमागचं शास्त्र आहे: राबलेल्या, हिंडलेल्या जनावराच्या स्नायूंत जी चिवट जाळी असते, ती साधारण 70 अंशांच्या वर, पण तास-तास टिकलेल्या उष्णतेत हळूहळू विरघळते आणि रस्सा ओठाला चिकटायला लागतो. उकळी फुटू दिली की मांसाचे धागे आधी पिळवटतात, जाळी सुटायची ती मागाहून. कुकरमध्ये पाणी 120 अंशांपर्यंत तापतं म्हणून हे काम अर्ध्या तासात उरकतं. पण हॉकिन्सचा कुकर मुंबईत यायला अजून आठ वर्षं आहेत. आणि हा बोकड खटावच्या माळावर चरलेला. महाबळेश्वर याच जिल्ह्यात, पण तिथल्या पावसाचा जेमतेम दहावा हिस्सा इकडे पडतो. चाऱ्यासाठी मैलोन् मैल चालून त्याच्या मांड्या दोरखंड झाल्यात. म्हातारा झाकण उचलतो, करवंटीचा एक तुकडा आत टाकतो. त्यानं मटण लवकर गळतं म्हणे. गळतं की नाही कुणास ठाऊक. पण तो टाकल्यावर भोवतीची माणसं निर्धास्त होतात.

लिंबापलीकडे पाटा-वरवंट्याचा आवाज एका लयीत चाललाय. तिघीजणी. अख्खा कांदा राखेत काळा होईतो भाजलेला, खोबरं, तीळ, धने, आलं, लसणाची मूठ, दगडफूल, दालचिनीचा तुकडा, लवंगा. मटणाचं कौतुक जाळाशी बसलेल्या बाप्याचं होणार, आणि ज्या वाटणानं रस्सा उभा राहणार ते वाटून तिघींच्या खांद्याच्या वाट्या निखळायला आल्यात, हे तुम्हाला दिसतं. त्यांनाही दिसतं. "दादा, बघत काय बसलायसा, पानी घाला वाईच," त्यातली थोरली म्हणते, आणि तुम्ही तांब्या वाकडा धरता. भाजका काळपट लगदा बोटांना लागतो. फ्लँडर्सवाले रस्सा दाट करायला मोहरी माखलेला पाव वर ठेवतात, तो शिजता शिजता विरतो. इथं ते काम खोबरं आणि तीळ करतात. हे त्यांना सांगावंसं वाटतं, पण पाव म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे काय येईल याचा अंदाज येत नाही.

तासाभरानं पहिलं पाणी निघतं. वाटण पडायच्या आधीचं, पिवळसर, वर चरबीची नाणी तरंगणारं. अळणी. नाव अळणी, पण मीठ व्यवस्थित असतं. नसतं ते तिखट. ते आधी बाळंतिणीला, मग दात पडलेल्यांना, मग लहान पोरांना. एक वाटी म्हातारा तुमच्यापुढे सरकवतो. तुम्ही कुठल्या गटात धरले गेलात ते विचारू नका, प्या.

मग तो माणसं मोजतो. मटण नव्हे, माणसं. "किती व्हतील?" कुणी म्हणतं साठ, कुणी म्हणतं भावकी धरून ऐंशी. त्यावर घागरी ठरतात. एक बोकड आणि ऐंशी माणसं, हे गणित मटणानं सुटत नाही, पाण्यानं सुटतं. तुम्ही आजवर समजत होता की सातारी रस्सा पातळ असतो ती इकडची चव. ती चव आहेच, पण तिच्या आधी ही मोजदाद आहे. पाणी वाढलं म्हणून तिखट वाढलं. कांदा-लसूण चटणीची मूठ भरून पडते, आणि कट वर आला की माणूस दोन फोडींवर चार भाकरी खातो.

दिवेलागणीला कुणीतरी गॅसबत्तीला पंप मारतो. त्या पांढऱ्या उजेडात म्हाताऱ्याची नजर तुमच्या मांडीखालच्या पिशवीवर जाते.

"सोडा हाय व्हय?"

तुम्ही बाटली काढता. तो ती उजेडात धरतो, हिरव्या काचेतून बत्तीकडे बघतो आणि गालात हसतो. "बीर! गोऱ्या सोजिरांची. मी बसऱ्याला बघितलीया."

तो मराठा पलटणीत होता. पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात. डिसेंबर 1915 पासून कुत-अल-अमाराला तुर्कांनी वेढा दिला, त्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. वेढा 147 दिवस चालला. दाणा संपला तसे तोफखान्याचे नि रिसाल्याचे घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी नकार दिला. धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी नकार. शेवटच्या आठवड्यांत बऱ्याच जणांनी खाल्लं.

"तुम्ही?"

तो उत्तर देत नाही. जाळातलं एक लाकूड बोटभर मागे ओढतो. "घोड्याचं मटान लई वेळ शिजवाय लागतं," एवढंच म्हणतो. "आन् सरपान नव्हतं तितं." एप्रिल 1916 च्या 29 तारखेला कुत पडलं. तिथून पुढची कैद, वाळवंटातली चाल, यातलं काहीच तो सांगत नाही. आता कळतं की हा माणूस सरपणाची एकेक काटकी मोजून का लावतो.

बाटलीवर इंग्रजी अक्षरं आहेत, ती त्याला येत नाहीत. पण पलटणीत आकडे शिकलाय. लेबलाच्या कडेला छापलेला आकडा तो बोट ठेवून वाचतो. "दोन... शून्य... दोन... पाच. किंमत हाय व्हय ही?"

"तसंच काहीतरी," तुम्ही म्हणता.

"महाग हाय." तो बाटली तुमच्या हातात देतो. "पिराच्या म्होरं नगं. आन् शिपाई हिंडत्यात. वाळूत पुरा."

तुम्ही झिऱ्याच्या पलीकडे जाऊन कोपरभर खड्डा करता. कांदा परतून त्यात ही ओतायची होती, कडवटपणा मुरून गोडसर होईतो. इथल्या भगुल्यात तिला जागाच नाही. शिपायाची भीती नसती तरी नसती.

परत येताना पंगती बसताना दिसतात. पहिल्या पंगतीत भावकी, दुसऱ्या पंगतीत बाकीची आळी, वाटण वाटणाऱ्या तिघी सगळ्यांत शेवटी. आणि लिंबाच्या सावलीबाहेर, गॅसबत्तीचा उजेड पुरा पोचत नाही तिथं, तिघं-चौघं आपापली भांडी घेऊन बसलेत. दुपारी चर त्यांनी खणलाय, लाकडं त्यांनी फोडलीत. वाढपी त्यांच्या भांड्यात वरून, हात न लागू देता रस्सा सोडतो. अस्पृश्यता संपवणारं घटनेतलं 17 वं कलम लागू होऊन सव्वा वर्ष झालंय.

तुमच्या कृतीतलं खरं मांस, बैलाचं, रटरटत शिजायचं ते त्या माणसांच्या वस्तीत. मेलेलं जनावर ओढून नेणं गावानं त्यांच्यावर लादलं आणि तेच मांस वाट्याला दिलं. उरलेल्याच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करायच्या, त्या पुढे महिनोन् महिने कालवणात पडायच्या. मार्च 1927 ला महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं आणि गावोगाव लोकांनी ते सोडलं. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं तोवर या स्वयंपाकाला मराठी पाककृतींच्या पुस्तकांत जवळजवळ पानच नव्हतं. ज्या कालवणासाठी तुम्ही परदेशी कृती शोधत होता, ते कोसाभरावर होतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

तुम्हाला पहिल्या पंगतीत बोलावतात, पाव्हणं म्हणून. तुम्ही त्या अंधारातल्या माणसांकडे बघता, मग पानावर बसता. उठून तिकडे जाऊन बसायचं धाडस तुमच्याकडून होत नाही. शाळूची भाकरी चुरून मधोमध आळं करायचं, त्यात रस्सा. वाढपी ओरडत येतो, "रस्साऽ, रस्साऽ", आणि पळी खालून वर न ढवळता वरचाच कट सोडतो. पहिल्या घासाला काहीच कळत नाही, नुसतं तिखट. दुसऱ्याला खोबरं. तिसऱ्याला तो चिकटपणा ओठाला लागतो, चार तास बारीक जाळानं सोडवून काढलेला. मांडीचा एक तुकडा दातांनी धरावा लागत नाही, जिभेवरच धागे सुटतात. म्हातारा अजून चराशी आहे, सगळ्यांचं होईतो खाणार नाही. विझत आलेल्या निखाऱ्यावर तो एक शेणी ठेवतो, शेवटच्या पंगतीला रस्सा गार जाऊ नये म्हणून.

तिखटानं डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही ते पुसता, आणि समोर एसटी स्टँडचा फलक असतो, मोबाइलला चार दांड्या असतात आणि पिशवी हलकी असते.

मटण घेऊन घरी जाता जाता तुम्ही येरळेकडे वळता. लिंब नाही. झिऱ्याची जागा अंदाजानं सापडते, तिथून वीस पावलं. खाली उघडा मुरूम आहे, त्यावर वेड्या बाभळी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. वाळू केव्हाच ट्रॉल्यांतून उचलून नेलीय. ती बाटली कुणाच्या तरी घराच्या पायात गेली असेल.