अमळनेरचे प्राचार्य आणि ताणाचे शास्त्र

परीक्षेच्या दिवशी सकाळी वर्गात कोणाचे पोट दुखते, कोणाला मळमळते, कोणाच्या तळहाताला घाम सुटतो. यातली काही दुखणी आपण शिक्षक ‘बहाणा’ म्हणून सोडून देतो. पण पुष्कळदा दुखणे खरे असते. मनातली भीती पोटापर्यंत पोचते कशी? विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि त्या शोधाची एक वाट आपल्या खानदेशातून गेली.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे धुळे आणि पूर्व खानदेशाचे जळगाव. पूर्व खानदेशातल्या अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. त्याच वर्षी तेथील खानदेश शिक्षण मंडळाच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद जगन्नाथ गणेश गुणे यांच्याकडे आले. गुण्यांचा जन्म १८८३ चा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली होती आणि बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावले होते. राष्ट्रीय वृत्तीचे हे महाविद्यालय ब्रिटिश सरकारने १९२० मध्ये बंद केले. तरी १९२३ पर्यंत गुणे अमळनेरला शिकवत राहिले.

दरम्यान नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजींकडून ते योग शिकले होते. योगाने शरीरात काय घडते याविषयी त्या काळी अद्भुत गोष्टी सांगितल्या जात. गुणे वृत्तीने बुद्धिवादी होते. ऐकीव गोष्ट मान्य करण्यापेक्षा ती मोजून पाहावी, असे त्यांना वाटले. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या मदतीने उड्डियान व नौली या क्रिया तपासल्या. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. १९२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू केले. स्वामी कुवलयानंद या नावाने आपण ज्यांना ओळखतो, ते हेच गुणे.

त्यांच्या प्रयोगांत ‘ताण’ हा विषय नव्हता. आज आपण वापरतो त्या अर्थाने हा शब्दच तेव्हा वैद्यकात रुळला नव्हता. तो दुसऱ्या दिशेने आला. अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी भीती आणि रागाच्या वेळी शरीरात होणारे बदल अभ्यासून १९१५ मध्ये पुस्तक लिहिले. संकट दिसताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात धडधडते, रक्तातली साखर वाढते, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचन मंदावते. लढायचे किंवा पळायचे, यासाठीची ही तयारी असते. परीक्षेच्या सकाळी बिघडणाऱ्या पोटाचा उलगडा बराचसा येथे होतो.

पुढे मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेल्ये अंडाशयाचा अर्क उंदरांना टोचून नवे संप्रेरक शोधत होते. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. पण थंडी, जखम, अतिश्रम किंवा इतर कोणतेही विषारी द्रव्य यांनीही तेच घडले! कारणे निरनिराळी आणि शरीराचे उत्तर मात्र एकच. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये सेल्ये यांनी हे छोट्या टिपणात मांडले. पुढे त्यांनी या अवस्थेला जे इंग्रजी नाव दिले, ते भौतिकशास्त्रातले होते. तेथे त्या शब्दाला आपण ‘प्रतिबल’ म्हणतो आणि वैद्यकात ‘ताण’.

थोड्या वेळेपुरता ताण उपयोगी असतो. तो महिनोन् महिने टिकला की बिघडते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक सतत चढे राहिले तर झोप, स्मरण, रोगप्रतिकार आणि रक्तदाब यांवर परिणाम होतो. मन खचते आणि चिंता वाढते.

आता लोणावळ्याकडे परत येऊ. १९२७ च्या मार्चमध्ये सततच्या दौऱ्यांनी थकलेल्या गांधीजींची प्रकृती कोल्हापूरला एकाएकी बिघडली. रक्तदाब वाढला होता. आसनांविषयी त्यांनी कुवलयानंदांचा पत्राने सल्ला घेतला. कुवलयानंद १९६६ मध्ये गेले. त्यांचे सहकारी डॉ. विनेकर यांनी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांच्याबरोबर ४७ रुग्णांना रोज शवासन करायला लावले. १९६९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचा रक्तदाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली, पण सर्वांना सारखा गुण आला नाही.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की हा गुण शवासनाचाच कशावरून? नुसती विश्रांती किंवा डॉक्टरांची आपुलकी यांनीही रक्तदाब उतरू शकतो. म्हणून तुलनेचा गट हवा. इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ मध्ये ३४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला योगातील शिथिलीकरण शिकवले. त्यांचा सरासरी रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. नुसते पडून राहणाऱ्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. म्हणजे नुसत्या विश्रांतीनेही थोडा फरक पडला, पण शिथिलीकरणाने बराच जास्त. अमळनेरच्या प्राचार्यांनी धरलेला ‘मोजून पाहा’ हा आग्रह येथे फळाला आला.

हा आग्रह दोन्ही बाजूंनी चालवला पाहिजे. जठराच्या व्रणाचे खापर अनेक वर्षे ताणावर फोडले जाई. १९८२ साली वॉरेन आणि मार्शल यांनी त्यामागचा जिवाणू शोधला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा प्रत्येक दुखण्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होणे चूक. आणि शवासन हे प्रत्येक ताणाचे उत्तरही नव्हे. पाऊस हुकल्याने कापूस गेला आणि सोसायटीचे कर्ज थकले, त्या घराचा ताण श्वासाने हलका होईल, पण कारण तसेच राहील. त्या घरातला मुलगा वर्गात गप्प बसत असेल, तर आधी त्याची विचारपूस हवी. गप्पपणा लांबला, तर डॉक्टरांचा सल्लाही हवा.

एक साधा प्रयोग वर्गात करता येईल. मुलांना शांत बसवून प्रत्येकाने स्वतःची नाडी मिनिटभर मोजावी. मग शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायला लावावे आणि लगेच पुन्हा मोजावी. शेवटी पाच मिनिटे संथ श्वास घेऊन तिसऱ्यांदा मोजावी. तिन्ही आकडे फळ्यावर मांडावेत. कोणाचे वाढतील, कोणाचे नाहीत. का, ते मुलांनाच शोधू द्यावे. पोट दुखते म्हणणारा मित्र बहाणा करत नव्हता, एवढे तरी त्यांना त्यातून उमजेल.