पांढरी मृत्पात्रे : पर्यायी कच्चा माल

पोर्सेलीनच्या पारंपरिक मिश्रणात साधारण ५०% केओलीन, २५% क्वार्ट्‌झ व २५% फेल्स्पार असते. केओलीनमुळे ओल्या मिश्रणाला आकार देता येतो, क्वार्ट्‌झमुळे भाजताना वस्तू बसत नाही आणि फेल्स्पार वितळून सारे एकजीव होते. हा कच्चा माल नांदगाव (जि. नाशिक) परिसरात शोधायचा, तर अडचण अशी की हे गाव दख्खनच्या बेसाल्टावर वसले आहे. बेसाल्टात लोहाची ऑक्साइडे १०% किंवा त्याहून अधिक असतात. पांढऱ्या मिश्रणात ती १ टक्क्याच्या आतच ठेवावी लागतात. त्यामुळे येथील काळ्या मातीला भाजल्यावर पांढरेपणा येणे शक्य नाही, आणि कोणताही पर्याय आधी लोहाच्या कसोटीला उतरावा लागतो.

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीजकेंद्राची राख सिलिका व ॲल्युमिनाने समृद्ध असते, पण तिच्यातील लोहाने भांडे पिवळट-तपकिरी होते. ती विटांना आणि रंगीत फरशांना द्यावी, हेच योग्य.

खरा भरवशाचा पर्याय भाताच्या तुसाचा आहे. इगतपुरीच्या भातपट्ट्यातून मुंबई–भुसावळ लोहमार्ग थेट नांदगावला येतो. तुसाच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५% सिलिका असते. राइसमिलच्या भट्टीतली काळी राख मात्र तशीच वापरू नये. तिच्यात कोळसा राहिलेला असतो. तूस आम्लाने धुऊन ६००–७०० अंश सेल्सिअसला सावकाश जाळले, की राख पांढरी व अस्फटिकी मिळते. ती क्वार्ट्‌झऐवजी घातल्यास भांडे कमी तापमानाला पिकते. शिवाय ५७३ अंशांना क्वार्ट्‌झचे आकारमान एकदम बदलून तडे जातात, तो धोकाही घटतो.

फेल्स्पारचा काही भाग रंगहीन काचेच्या चुऱ्याने भागतो. प्रमाण चुकले तर भांडे भट्टीतच कलते किंवा फुगते, कारण सोडा-चुन्याची काच फार लवकर पातळ होते. केओलीनचा काही वाटा भंडारा परिसरातील पायरोफिलाइट उचलू शकते. त्याने आकुंचन कमी होते, पण त्याला लवचीकता नसल्याने केओलीन पूर्ण वगळता येत नाही.

जिल्ह्यातील झिओलाइटे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयामुळे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांतील अल्कली वितळण्यास मदत करते. मात्र तापताना पाणी सुटून आकुंचन वाढते. बेसाल्टाच्या पोकळ्यांत ती थोडीथोडीच सापडतात. असे देखणे स्फटिक दळून भट्टीत घालणे परवडणारेही नाही आणि उचितही नाही.